मॉन्ट्रियल ते किगाली : ओझोन कराराची घडण

मॉन्ट्रियल करार हा जगातील सर्व राष्ट्रांनी मान्य केलेला पर्यावरणविषयक करार आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात त्यावर पहिल्या सह्या झाल्या, तेव्हा सह्या करणारे २४ देश आणि युरोपीय आर्थिक समुदाय एवढेच होते. भारत आणि चीन त्यात नव्हते. ओझोनचा थर विरळ करणारी प्रमुख रसायने बारा वर्षांत निम्म्यावर आणायची, एवढेच त्या दिवशी ठरले होते. आजच्या मापाने ही कपात फारच तोकडी होती. पुढच्या तीस वर्षांत करारात पाच मोठ्या दुरुस्त्या झाल्या, वेळापत्रके अनेकदा आवळली गेली, खर्चासाठी निधी उभा राहिला आणि २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात या कराराने ओझोनशी संबंध नसलेल्या, पण पृथ्वी तापवणाऱ्या वायूंनाही आपल्या कक्षेत घेतले. हवामान बदलावर सरकारांनी एकत्र येऊन केलेल्या कामांत इतके ठोस फळ देणारे दुसरे काम दाखवता येत नाही.

ओझोन हा प्राणवायूच्या तीन अणूंचा रेणू. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, तो सर्वांत जास्त आढळतो. थर म्हटले की जाड आवरण डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात वातावरणातला सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणून पसरला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. एवढा विरळ वायू सूर्याच्या घातक अतिनील किरणांना अडवतो. तो कमी झाला तर त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात, पिकांना आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना इजा होते.

हा थर मोजण्याचे काम ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात सुरू केले. सूर्यप्रकाशातील दोन अतिनील तरंगलांबींची तुलना करायची, त्यांतली एक ओझोन जास्त शोषतो आणि दुसरी कमी, त्या फरकावरून ओझोन किती ते काढायचे, असे त्यांच्या यंत्राचे तत्त्व. डॉब्सन यांनी आपली यंत्रे जगात जिथे जिथे पाठवली त्यांत कोडाईकनालची वेधशाळाही होती. पुढे के. आर. रामनाथन यांनी ओझोनच्या उभ्या वाटपावर मोलाचे संशोधन केले. पुण्यात भारतीय हवामान खात्याच्या उपकरण विभागात अॅना मणी यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात फुग्याबरोबर वर सोडायचे ओझोन मोजणारे देशी उपकरण तयार झाले. तेव्हा ओझोनची कोणाला काळजी नव्हती. वरच्या वातावरणातले वारे समजावेत म्हणून ही मोजणी चाले. पण वर्षानुवर्षे शिस्तीने ठेवलेल्या या नोंदी नसत्या, तर ओझोन घटला हे कळायला मोजपट्टीच उरली नसती.

थराला ज्या रसायनांनी ग्रासले ती माणसाच्या सोयीसाठीच जन्माला आली होती. १९२० च्या दशकातील फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड भरलेले असे. हे वायू विषारी, आणि गळती झाली की घरातल्या माणसांच्या जिवावर बेतत असे. जनरल मोटर्सचे रसायनतज्ज्ञ थॉमस मिजली यांनी १९२८ मध्ये क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांची संयुगे हा पर्याय शोधला. १९३० मध्ये अमेरिकी रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीभर ओढून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच फुंकरीत सिद्ध झाले. क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, ‘फ्रीऑन’ या नावाने बाजारात आले. फ्रिज आणि एसी, केसांवर मारायचे स्प्रे, गाद्यांचा आणि भिंतींचा फोम, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची सफाई, दम्याचे पंप, अशा सगळ्या ठिकाणी ते शिरले. त्यांचीच चुलत भावंडे असलेले हॅलॉन आग विझवायच्या नळकांड्यांत गेले. पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची कल्पनाही मिजली यांचीच; एका माणसाच्या हातून वातावरणाची एवढी मोठी दोन नुकसाने व्हावीत, आणि दोन्ही वेळा हेतू चांगला असावा, ही विसाव्या शतकाच्या उद्योगाची शोकांतिका आहे.

सीएफसीचा सर्वांत मोठा गुण हाच त्याचा दोष ठरला. ते कशाशीही अभिक्रिया करत नाही, म्हणून हवेतून नाहीसेही होत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी स्वतः बनवलेले अतिसंवेदनशील उपकरण घेऊन १९७१-७२ मध्ये इंग्लंड ते अंटार्क्टिका असा प्रवास केला, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक नमुन्यात त्यांना सीएफसी सापडले. मग हा वायू शेवटी जातो कुठे, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शेरवूड रोलँड आणि मारिओ मोलिना यांनी घेतला. जून १९७४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी उत्तर मांडले: सीएफसी हळूहळू स्थितांबरात पोचते, तिथल्या प्रखर अतिनील किरणांनी फुटते, सुटा झालेला क्लोरीनचा अणू ओझोनचा रेणू मोडतो आणि पुन्हा मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे वळतो. एक अणू असे हजारो रेणू मोडू शकतो. या कामासाठी मोलिना आणि रोलँड यांना, नायट्रोजन ऑक्साइडांचा ओझोनवरचा परिणाम आधीच दाखवणाऱ्या पॉल क्रुट्झन यांच्यासह, १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९७४ मध्ये मात्र रसायन उद्योगाने त्यांची मांडणी हा निव्वळ अंदाज असल्याचे सांगितले.

अमेरिका, कॅनडा, स्वीडन आणि नॉर्वे यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी स्प्रेच्या डब्यांतील सीएफसीवर बंदी घातली. युरोपीय समुदायाने उत्पादनक्षमता वाढवायची नाही असे ठरवले आणि स्प्रेमधला वापर काहीसा कमी केला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारांची बोलणी सुरू केली, तेव्हा प्रत्येक बाजूने आपण घरी जे केले तेच साऱ्या जगाने करावे, असा आग्रह धरला. अमेरिका, कॅनडा आणि नॉर्डिक देशांच्या गटाला स्प्रेबंदी हवी होती. युरोपला उत्पादनक्षमतेवरची मर्यादा हवी होती. आपापल्या कारखान्यांना नवा भार पडू नये, हे दोघांचेही गणित होते. म्हणून २२ मार्च १९८५ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या करारात संशोधन करू, माहिती एकमेकांना देऊ, योग्य ती पावले उचलू, एवढेच आले. सीएफसी किती आणि कधी कमी करायचे, याचा त्यात आकडा नव्हता.

दोनच महिन्यांनी, मे १९८५ मध्ये, ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांचा छोटासा लेख ‘नेचर’मध्ये आला. अंटार्क्टिकावरील हॅली बे येथे १९५० च्या दशकापासून डॉब्सन यंत्राने ओझोन मोजला जात होता. १९६० च्या दशकात ऑक्टोबर महिन्याची सरासरी ३०० डॉब्सन एककांच्या, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या, आसपास असे. १९८४ पर्यंत ती २०० च्या खाली गेली होती. त्या भागावरून फिरणाऱ्या अमेरिकी उपग्रहालाही ही घट दिसली होती, पण इतके कमी आकडे संगणकाने शंकास्पद म्हणून वेगळे काढून ठेवले होते. थंडीत कुडकुडत जुन्या यंत्राने घेतलेल्या नोंदी खऱ्या निघाल्या. उपग्रहाची माहिती पुन्हा तपासल्यावर ही घट अख्ख्या अंटार्क्टिका खंडावर पसरलेली असल्याचे दिसले, आणि ‘ओझोनचे छिद्र’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला.

मॉन्ट्रियलमधील बोलण्यांच्या वेळी या छिद्राचे कारण पक्के माहीत नव्हते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. अमेरिकी रसायनतज्ज्ञ सुसान सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवीय हिवाळ्यातल्या अतिथंड ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो, असे स्पष्टीकरण दिले होते. पण ते सिद्ध करणारी विमाने चिलीच्या दक्षिण टोकावरून ऑगस्ट आणि सप्टेंबर १९८७ मध्ये उडत होती, आणि त्यांचे निष्कर्ष जाहीर झाले तोवर करारावर सह्या होऊन गेल्या होत्या. म्हणजे पुरावा पूर्ण हाती येण्याआधी सरकारांनी पाऊल उचलले. त्याचे मोठे श्रेय पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मुस्तफा तोल्बा यांना जाते. मोठ्या सभेत न सुटणारे मुद्दे ते मोजक्या प्रतिनिधीमंडळांच्या प्रमुखांना एका खोलीत बसवून सोडवत. अमेरिकेच्या बाजूने रिचर्ड बेनेडिक यांनी आपल्याच सरकारमधील विरोधाला तोंड देत बोलणी पुढे रेटली.

कराराने पाच सीएफसी आणि तीन हॅलॉन धरले. सीएफसीचा वापर आधी १९८६ च्या पातळीवर गोठवायचा, मग वीस टक्क्यांनी आणि शतकाच्या अखेरीपर्यंत पन्नास टक्क्यांनी कमी करायचा, असे ठरले. कराराचा खरा टिकाऊपणा मात्र कपातीच्या आकड्यात नव्हता, तो चार कलमांत होता. दरडोई वापर वर्षाला ०.३ किलोच्या आत असलेल्या विकसनशील देशांना सगळी वेळापत्रके दहा वर्षे उशिरा लागू होणार होती. करारात न आलेल्या देशांशी या रसायनांचा व्यापार बंद व्हायचा होता, त्यामुळे बाहेर राहून बाजार काबीज करण्याची वाट बुजली. दर चार वर्षांनी शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञांच्या समित्यांनी परिस्थिती तपासून अहवाल द्यायचा होता. आणि आधीच यादीत असलेल्या रसायनांची कपात अधिक कडक करायची असेल, तर दोनतृतीयांश बहुमताने घेतलेला निर्णय सर्वांना बांधील होणार होता. त्यासाठी प्रत्येक संसदेत नव्याने मंजुरी घ्यावी लागणार नव्हती. आंतरराष्ट्रीय कायद्यात ही तरतूद फारच दुर्मीळ. सार्वभौमत्वाला जपणाऱ्या सरकारांनी ती मान्य केली, कारण १९८७ मध्ये तिचे वजन फारसे कोणी जोखले नव्हते.

१ जानेवारी १९८९ रोजी करार अमलात आला, तोवर त्याच्या आकड्यांवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. मार्च १९८८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या पथकाने उत्तर गोलार्धातल्या वस्तीच्या भागांवरही ओझोन घटल्याचे दाखवले, आणि त्याच महिन्यात सीएफसीची जगातील सर्वांत मोठी उत्पादक डू पाँ कंपनी उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवायला तयार झाली. निम्मी कपात पुरणार नाही, रसायने पूर्णच बंद करावी लागतील, हे दिसू लागले. पण पूर्ण बंदी म्हटली की विकसनशील देशांचा प्रश्न उभा राहत होता.

भारतात तेव्हा सीएफसीचा दरडोई वापर वर्षाला काही ग्रॅमच होता, तर श्रीमंत देशांत तो त्याच्या कित्येक पट होता. हवेत साचलेले बहुतेक क्लोरीन त्या देशांनीच सोडलेले. मध्यमवर्गाच्या घरात पहिला फ्रिज येऊ लागला तेव्हाच, आता हा वायू वापरू नका, नवा वायू घ्या, आणि त्याच्या पेटंटचे पैसेही आम्हालाच द्या, असे सांगणे भारताला आणि चीनला मान्य नव्हते. मार्च १९८९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी लंडनला बोलावलेल्या परिषदेत दोन्ही देशांनी ही बाजू ठामपणे मांडली. त्यांच्या हाती मोलाचे पत्ते होते. ही दोन राष्ट्रे बाहेर राहून सीएफसी बनवत राहिली, तर बाकी जगाने केलेल्या कपातीला अर्थ उरणार नव्हता.

जून १९९० मध्ये करारातील देशांची दुसरी बैठक लंडनमध्ये भरली. भारताच्या वतीने पर्यावरणमंत्री मनेका गांधी बोलणी करत होत्या. विकसनशील देशांनी जुने तंत्र सोडून नवे घेताना जो जादा खर्च येईल, तो भरून देणारा स्वतंत्र निधी हवा आणि तंत्रज्ञान रास्त अटींवर मिळावे, या दोन मुद्द्यांवर त्या अडून राहिल्या. मे महिन्यापर्यंत अमेरिकेचा अशा निधीला साफ विरोध होता. रक्कम मोठी नव्हती, पण उद्या हवामान बदलाच्या करारात हेच उदाहरण पुढे केले जाईल, अशी वॉशिंग्टनला भीती होती. देशातून आणि बाहेरून दबाव आल्यावर जूनमध्ये अमेरिका तयार झाली, पण ही व्यवस्था इतर पर्यावरणीय प्रश्नांसाठी पायंडा ठरणार नाही अशा अर्थाचे वाक्य करारात घालूनच. लंडन दुरुस्तीने श्रीमंत देशांसाठी सन २००० ही सीएफसी बंदीची मुदत ठरवली (ती दोन वर्षांनी कोपनहेगनमध्ये १९९६ वर आणली गेली) आणि बहुपक्षीय निधी स्थापन केला. सुरुवातीची रक्कम तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर. भारत आणि चीन आले तर आणखी ८ कोटी. निधीच्या कार्यकारी समितीवर सात प्रतिनिधी श्रीमंत देशांचे आणि सात विकसनशील देशांचे, अशी समसमान विभागणी ठेवली. विकसनशील देश आपली बंधने कितपत पाळू शकतील हे मिळणाऱ्या पैशावर आणि तंत्रज्ञानावर अवलंबून राहील, हेही करारातच लिहिले गेले. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, ही मदतीची जुनी रीत इथे निदान कागदावर तरी मोडली. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला.

त्यानंतरचे काम कारखान्यांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत झाले. १९९० च्या दशकापर्यंत फ्रिज बिघडला की मेकॅनिक नळी कापून आतला आर-१२ हा सीएफसी वायू सरळ हवेत सोडून देई. साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, ब्रेझिंग करायची, नळ्यांतली घाण उडवायला पुन्हा आर-१२ चाच फवारा मारायचा आणि मग सिलिंडरवरून गेजकडे बघत गॅस भरायचा. वायू स्वस्त होता, निरुपद्रवी मानला जाई, आणि जितका आत भरला जाई त्याहून कितीतरी जास्त बाहेर जाई. ओझोन वाचवायचा म्हणजे ही सवय बदलायची होती. निधीच्या पैशातून देशभर प्रशिक्षणाचे वर्ग झाले. सफाईसाठी नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप, वापरलेला वायू काढून साठवणारी यंत्रे आणि ग्रॅमवर मोजून गॅस भरणारे काटे छोट्या दुकानांपर्यंत पोचू लागले. मुंबईच्या गोदरेजने घरगुती फ्रिजसाठी हायड्रोकार्बनचा मार्ग धरला. हे वायू पेटतात, म्हणून त्यांना जपून हाताळावे लागते, पण ते ओझोनला धक्का लावत नाहीत आणि पृथ्वीही फारशी तापवत नाहीत.

भारतात सीएफसी बनवणाऱ्या चार कंपन्या होत्या. १९९९ मध्ये निधीच्या समितीने त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी ८.२ कोटी डॉलर मंजूर केले, २००० साली केंद्र सरकारने ओझोनविषयक नियम काढले, आणि १ ऑगस्ट २००८ रोजी भारताने सीएफसीचे उत्पादन ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी थांबवले. दम्याच्या पंपांपुरती सवलत काही काळ राहिली. श्वास कोंडलेल्या रुग्णाच्या हातातले औषध काढून घेऊन ओझोन वाचवणे कोणालाच नको होते. मुंबईच्या सिप्लासह औषध कंपन्यांनी पर्यायी वायूंवर चालणारे पंप आणल्यावर तीही गरज संपली.

सगळीकडे सुरळीत झाले असे नाही. श्रीमंत देशांत बंदी आल्यावर जुन्या गाड्यांच्या एसीसाठी चोरटे सीएफसी येऊ लागले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात मायामी बंदर त्यासाठी बदनाम झाले. सोव्हिएत संघ फुटल्यावर रशियाला मुदत पाळणे जमेना. या कराराची रीत अशा वेळी दिसली. रशियाला शिक्षा करण्याऐवजी कराराच्या अंमलबजावणी समितीने त्याला नवे वेळापत्रक आखून दिले, निर्यातीवर बंधने घातली आणि उत्पादन बंद करायला आंतरराष्ट्रीय पैसा मिळवून दिला.

मोठी अडचण वेगळीच निघाली. सीएफसीच्या जागी आधी हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचसीएफसी, आले. त्यांतही क्लोरीन होते, म्हणून ते तात्पुरते. त्यानंतर आले हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचएफसी. त्यांत क्लोरीन नाही, ओझोनला धोका नाही, पण उष्णता अडवण्याची ताकद जबर. गाड्यांच्या एसीत आणि फ्रिजमध्ये सर्रास वापरलेला आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवतो. फ्लोरीनयुक्त वायू पृथ्वी तापवतात हे नवे ज्ञान नव्हते. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ व्ही. रामनाथन यांनी सीएफसीबद्दल हे १९७५ मध्येच दाखवले होते. याचा दुसरा अर्थ असा की सीएफसी बंद करून मॉन्ट्रियल कराराने नकळत हवामानाचेही मोठे काम केले होते. २००७ मध्ये शास्त्रज्ञ गुस व्हेल्डर्स आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की २०१० पर्यंतचा हा लाभ १९९७ च्या क्योटो हवामान कराराच्या पहिल्या टप्प्यातील उद्दिष्टाच्या पाच ते सहा पट भरेल. एचएफसी वाढत गेले असते तर हा लाभ हळूहळू पुसला गेला असता.

याच काळात कारखान्यांतून टाकाऊ म्हणून निघणाऱ्या एका वायूने सरकारांना आणखी एक धडा दिला. एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा वायू निघतो आणि तो तर कार्बन डायऑक्साइडच्या चौदा हजारांहून अधिक पट तापवतो. तो जाळून टाकण्याचा खर्च अगदी थोडा. पण क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत त्याबद्दल विकता येणारी कार्बन क्रेडिट मिळत, आणि त्यांची किंमत खर्चाच्या कितीतरी पट असे. चीनमधील आणि भारतातील, त्यात गुजरातमधीलही, कारखान्यांना मूळ मालापेक्षा कचरा जाळण्यातून जास्त पैसा मिळू लागला. युरोपने २०१३ पासून ही क्रेडिट घेणे बंद केले. ज्या कामाला थेट अनुदान देऊन थोडक्यात भागले असते त्याला बाजारभाव लावल्यामुळे हवामान निधीचा मोठा हिस्सा वाया गेला.

एचएफसी क्योटोच्या यादीत होते, तरी ते कमी करायचे तर ओझोन कराराची यंत्रणा जास्त उपयोगी, असे २००९ मध्ये मायक्रोनेशिया आणि मॉरिशस या छोट्या बेटराष्ट्रांनी सुचवले. समुद्रपातळी वाढली की लवकर झळ बसणारे हे देश. त्यांनी पुढाकार घ्यावा यात नवल नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोनेही तसाच प्रस्ताव आणला. भारताने बरीच वर्षे त्याला विरोध केला. हे वायू ओझोनला हानी करत नाहीत, त्यांचा विषय हवामान कराराचा आहे, आणि तिथे श्रीमंत देशांची जबाबदारी अधिक असल्याचे मान्य झाले आहे, असे भारताचे म्हणणे होते. नव्या पर्यायी वायूंची पेटंटे मोजक्या परदेशी कंपन्यांकडे असल्याची चिंताही खरी होती. देशात एसीची मागणी नुकतीच वाढू लागली होती, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात थंडावा ही चैन राहत नाही. एप्रिल २०१५ मध्ये मात्र भारताने स्वतःचाच प्रस्ताव मांडला आणि बोलणी खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्या प्रस्तावात एचएफसीचा वापर गोठवण्यासाठी २०३१ हे साल सुचवले होते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये किगालीत पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे भारताच्या वतीने उपस्थित होते. रात्रभर बोलणी चालली आणि १५ ऑक्टोबरला पहाटेच्या सुमारास मसुदा मान्य झाला. विकसनशील देशांची एकच रांग न धरता तिचे दोन भाग केले, हा या तडजोडीचा गाभा. श्रीमंत देशांनी २०१९ पासून कपात सुरू करून २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची. चीन, ब्राझील आणि आफ्रिकी देशांनी २०२४ मध्ये वापर गोठवायचा. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देशांनी २०२८ मध्ये गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची. अतिउष्ण देशांना काही उपकरणांसाठी वेगळी सवलत ठेवली. याच सुमारास भारताने आपल्या कंपन्यांना एचएफसी-२३ स्वखर्चाने जाळण्याचा आदेश दिला, त्यामुळे बोलण्यांत भारताचे वजन वाढले. ही दुरुस्ती नीट पाळली गेली तर शतकाच्या अखेरीपर्यंत जवळपास अर्धा अंश सेल्सिअस तापमानवाढ टळू शकते, असा अंदाज आहे. ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली आणि भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये तिला मान्यता दिली.

हवामान बदलाच्या मुख्य कराराला, म्हणजे १९९२ चा मूळ करार, १९९७ चा क्योटो आणि २०१५ चा पॅरिस करार या मालिकेला, असे यश आलेले नाही. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, पर्याय आवाक्यात होता. कोळसा आणि तेल तर साऱ्या अर्थव्यवस्थेच्या मुळाशी आहेत. पण फरक फक्त विषयाचा नाही. हवामान करारात महत्त्वाचे निर्णय सर्वसंमतीने होतात, त्यामुळे एखाद-दुसरा देशही पाऊल अडवू शकतो, आणि खर्च भरून देण्याचे वचन लंडनच्या निधीसारखे काटेकोर हिशेबात कधी आलेच नाही.

मोजणीचे काम अजून चालू आहे, आणि त्याचा उपयोग २०१८ मध्ये पुन्हा दिसला. बंद झालेल्या सीएफसी-११ चे हवेतील प्रमाण जितक्या वेगाने घटायला हवे तितक्या वेगाने घटत नाही, असे अमेरिकी शास्त्रज्ञांना आढळले. पुढच्या वर्षी कोरिया आणि जपानमधील केंद्रांच्या नोंदींवरून वाढलेल्या उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे निश्चित झाले. चीनने कारवाई केल्यावर ते पुन्हा खाली आले. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौवार्षिक अहवालानुसार ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागांवर २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. भारताच्या एचएफसी कपातीची पायाभूत पातळी २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या सरासरी वापरावर आणि एचसीएफसीच्या काही हिश्श्यावर ठरणार आहे. त्यानंतर २०३२, २०३७ आणि २०४२ मध्ये अनुक्रमे दहा, वीस आणि तीस टक्के कपातीचे टप्पे आहेत, आणि उरलेली मोठी उडी शेवटच्या पाच वर्षांवर ठेवलेली आहे.